पिठानं चिकटवलेली नोटीस

जानकाबाई खरातांच्या गिरणीच्या दारावर नोटीस लावायला ग्रामपंचायतीचा शिपाई गेणू आला, तेव्हा त्याच्याजवळ कागद होता, पण डिंक नव्हता. सोमवारची सकाळ. पट्टा फिरत होता, बाजरी खाली उतरत होती आणि जानकाबाई तोंडाला पदर बांधून पिठाच्या धारेखाली अंगठा धरून उभ्या होत्या. अंगठा आणि बोट यांच्यात पीठ चोळलं की दगड किती सैल, किती घट्ट, ते त्यांना कळतं. गेणू उंबऱ्याशी घुटमळला.

"आक्का, दारावर एक कागद लावायचाय."

"कसला?"

"तुमीच वाचा. मला बोलवंना."

जानकाबाईंनी खटका पाडला. गिरणी घरघरत थांबली. कागद त्यांनी दिव्याखाली धरला आणि ओठ हलवत वाचला. गावातून सायंकाळी येणाऱ्या गोंगाटामुळे खोडदच्या दुर्बिणीच्या कामात अडथळा येतो, असं पत्र आल्यामुळे गावात सर्वांत मोठा आवाज करणारी पिठाची गिरणी सात दिवसांत बंद करावी, न केल्यास वीजजोड तोडण्याची शिफारस करण्यात येईल. खाली शिक्का. शिक्क्याखाली उपसरपंच अमृत भोर यांची सही.

त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग आतून वाटीभर पीठ आणलं, तांब्यातलं पाणी घातलं, बोटानं खळ कालवली आणि वाटी गेणूच्या हातात दिली.

"घे. डिंक न्हाई म्हनून पंचायतीचं काम अडायला नको. माझंच पीठ, माझीच नोटीस. नीट चिकटव, कोपरे सुटता कामा नयेत."

गेणूनं मान खाली घालून कागद चिकटवला. तो जाईपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी खटका वर केला. दळणाला आलेल्या कुशाबाईंची बाजरी अर्धी राहिली होती.

पिंपळदऱ्यात ही गिरणी आली अठ्ठ्याण्णव साली. जानकाबाईंचे मालक चांगदेव ओतूरला एका गिरणीवर हमाली करत. तो गिरणीवाला धंदा गुंडाळून पुण्याला निघाला, तेव्हा चांगदेवांनी जुनी गिरणी टेम्पोत घातली आणि विहाराशेजारच्या स्वतःच्या खोलीत आणून बसवली. पहिलं वर्षभर गिरणीवर दळण यायचं ते फक्त वस्तीतलं. वरच्या आळीतली माणसं मोटरसायकलवर गोणी बांधून पाच किलोमीटर खोडदला जायची, पण दोनशे पावलांवरच्या गिरणीवर यायची नाहीत. कारण कोणी सांगत नव्हतं. सांगायची गरजही नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं.

वरच्या आळीतून पहिली पाटी घेऊन आल्या कुशाबाई. घरी पाहुणे, पीठ संपलेलं, मोटरसायकल पोरगा घेऊन गेलेला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्या मोठ्यानं म्हणाल्या, "भाकरी खोडदच्या पिठापेक्षा मऊ झाली. बाकी काई फरक दिसला न्हाई बाई, मी लई बघितलं." त्या एका वाक्यानं जे झालं ते चार भाषणांनी झालं नसतं. महिन्याभरात रांग लागली.

चांगदेव गेले दोन हजार अकरात. तेराव्याचं कोणी मनावर घेतलं नव्हतं, वंदना झाली, माणसं पांगली, आणि चौथ्या दिवशी वरच्या आळीतला एक जण विचारायला आला की गिरणी विकता का. "दगडाला टाकी लावनं बाईमानसाचं काम न्हाई," असंही त्यानं समजावून सांगितलं. जानकाबाईंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग छन्नी-हातोडी घेतली. पहिल्या आठवड्यात दगड जास्त घट्ट बसला, पीठ तापलं, जळकट वास आला आणि तीन बायकांचं दळण वाया गेलं. त्यांना स्वतःच्या घरातलं धान्य भरून दिलं. मग त्यांनी डोळे मिटून शिकायला सुरुवात केली, म्हणजे अक्षरशः मिटून. गव्हाला दगड एका सुरात बोलतो, ज्वारीला दुसऱ्या. खडा आला तर दगड दचकतो. आणि पीठ तापायच्या आधी एक बारीक शिट्टी वाजते, ती ज्याला ऐकू येत नाही त्यानं गिरणी चालवू नये. आज पंधरा वर्षं झाली. त्या बाईला आवाजाबद्दल शिकवायला पंचायत निघाली होती.

मंगळवारी जानकाबाई पंचायतीत गेल्या. नोटीस दारावर होती, म्हणून त्यांनी ती वहीच्या पानावर हातानं उतरवून घेतली होती, शिक्क्याच्या गोलासकट.

अमृत भोर टेबलामागं बसले होते. चाळिशीचा माणूस, बागायतदार, बोलायला गोड. जानकाबाईंच्या गिरणीवर आईबरोबर पाटी धरून आलेलं पोर.

"बसा मावशी. वाईट वाटून घेऊ नका. आपल्या शेजारी एवढी जगातली मोठी दुर्बीण. ती आभाळातला आवाज ऐकती. लई नाजूक काम असतंय. आपन गाव म्हनून सहकार्य करायला पायजे का नको?"

"करू की. पन कोनता आवाज त्यांना खुपतोय, ते विचारलं का?"

"पत्रात लिवलंय ना, गोंगाट."

"पत्र दावा."

पत्र कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडं, आणि ग्रामसेवक जुन्नरला. मग काय झालं ते अमृतनंच सांगितलं, अगदी मोकळेपणानं, कारण त्यात काही चुकलंय असं त्याला वाटतच नव्हतं. पत्रात 'रेडिओ गोंगाट' असं लिहिलं होतं. सभेत ते वाचलं. रेडिओ गावात कोणाकडं आहे, असं विचारलं. कोणाकडंच नाही. आता सगळं मोबाइलवर. तेव्हा रेडिओचा प्रश्न निकालात निघाला. राहिला गोंगाट. मग गोंगाट कोण करतं याची यादी झाली: भजनाचा माइक, ढोलपथक, एकाचा पहाटे आरवणारा कोंबडा आणि गिरणी. माइकचा आवाज कमी करायचं ठरलं. पथकानं सराव नदीकाठी हलवला. कोंबडा मालकानं स्वतःहून मेहुण्याच्या गावी पाठवला, विज्ञानासाठी. गिरणी मात्र बंद करायची ठरली.

"गावात घरघंट्या किती हायेत रं अमृता?"

"असतील पंधरा-वीस."

"त्या काय मुक्यानं दळत्यात?"

"त्या घरात असत्यात मावशी."

"माझी गिरनीबी घरातच हाय. तुझं घर वर, माझं खाली, एवढाच फरक. आवाज वरून खाली पळत येतो का?"

अमृत हसला आणि त्यानं विषय विज्ञानाकडं वळवला.

माणसाला एखादी गोष्ट समजत नाही तेव्हा तो सोपा प्रश्न शोधतो. पिंपळदऱ्याला अवघड प्रश्न आला होता: दिसत नाही, ऐकू येत नाही, तरी आहे, ते काय? गावानं त्याच्या जागी सोपा प्रश्न ठेवला: सगळ्यांत मोठ्यानं कोण वाजतं? आणि उत्तर अशा ठिकाणी काढलं, जिथं भांडायला उठणारं कोणी नसेल असं गावाला वाटलं होतं. इथं गावाचा हिशेब चुकला.

बुधवारी जानकाबाई दुधाच्या टेम्पोत बसून दुर्बिणीच्या फाटकावर गेल्या. रस्त्यातून त्या पांढऱ्या जाळीच्या मोठमोठ्या थाळ्या रोज दिसायच्या, पण फाटकाशी त्या कधी गेल्या नव्हत्या. केसांवर पीठ होतं, ते त्यांनी मुद्दामच झटकलं नाही. पहारेकरी म्हणाला, आज भेटीचा दिवस नाही. त्या म्हणाल्या, "मी भेटायला न्हाई आले. माझी गिरनी तुमाला ऐकू येती का, एवढं विचारायला आले. हो का न्हाई, एका शब्दात सांगा, मी जाते."

पहारेकऱ्याकडं हा शब्द नव्हता. त्यानं आत फोन लावला. पंधरा मिनिटांनी एक तरुण बाई चालत आली. तिचं नाव आरती, आजूबाजूच्या गावांतून येणारे अडथळे शोधायचं काम तिच्याकडं. तिनं जानकाबाईंची वही वाचली आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, आमची दुर्बीण कानानं ऐकत नाही."

"मग?"

"तुमच्या गिरणीशेजारी तोफ उडवली तरी तिला पत्ता लागणार नाही. तिला वेगळं ऐकू येतं. वायर सैल असेल, ठिणगी उडत असेल, तर त्यातून लहरी निघतात. आपल्याला कळत नाहीत. तुमच्या गावाच्या बाजूनं दिवस मावळला की एक टकटक सुरू होते. टक्, टक्, टक्. सेकंदाला एक. आम्ही गावाला लिहिलं होतं की शोधायला मदत करा."

"म्हंजी माझी गिरनी न्हाई."

आरतीनं वही परत दिली. "तसं मी आत्ता सांगू शकत नाही. गिरणीतही ठिणगी असू शकते. तपासल्याशिवाय बोलले तर तुमच्या पंचायतीत आणि माझ्यात फरक काय?"

जानकाबाईंना हे उत्तर आवडलं नाही, पण बाई मात्र आवडली. "कवा तपासाल?"

"आमची गाडी पुढच्या मंगळवारी."

"माझी मुदत सोमवारी संपती."

आरतीनं ओठ चावला. मग म्हणाली, "तुमच्याकडं जुना ट्रान्झिस्टर आहे का? दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवायचा, जिथं नुसती खरखर येते. ठिणगी जवळ असेल तर त्यात टकटक ऐकू येते. जितकं जवळ जाल तितकी मोठी."

गावात रेडिओ कोणाकडंच नाही, असं पंचायतीनं लिहून ठेवलं होतं. पंचायतीनं विहाराशेजारच्या आळीत विचारलंच नव्हतं. चांगदेवांचा ट्रान्झिस्टर जानकाबाईंच्या फळीवर, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी, कापडात गुंडाळलेला होता. संध्याकाळच्या बातम्या ऐकल्याशिवाय चांगदेव जेवत नसत. त्यांच्यामागं कोणी तो लावला नव्हता. गुरुवारी जानकाबाईंनी त्याचे गंजलेले सेल काढले, पत्र्या लिंबानं घासल्या, नवे सेल घातले. काटा फिरवला. खरखर आली. दिवस मावळेपर्यंत नुसती खरखर. मग एकाएकी: टक्.

त्यांनी डोळे मिटले. टक्. टक्. एका मापात, न चुकता. गिरणी तेव्हा चालू होती. त्यांनी खटका पाडला.

टक्. टक्. टक्.

रांगेत कुशाबाई होत्या. म्हणाल्या, "जानके, दळन आर्धं ऱ्हायलं माझं."

"सोमवारी आर्धं ऱ्हायलं तवा बोलली न्हाईस, आता गप ऐक. गिरनी बंद हाय का?"

"हाय."

"आन् हे वाजतंय का?"

"वाजतंय की."

"उद्या सांजच्याला चार चौघांम्होरं हेच सांगशील?"

"आधी दळून दे, मग सांगते," कुशाबाई म्हणाल्या.

शुक्रवारी दिवस मावळल्यावर जानकाबाई पारावर जाऊन उभ्या राहिल्या, ट्रान्झिस्टर छातीशी धरून. अमृत होता, गेणू होता, पंधरा-वीस माणसं होती. अमृत म्हणाला, "मावशी, गाणी लावताय का?"

"लावते. ऐकून जा. गिरनीचा खटका पाडलाय, कुलूप घातलंय, किल्ली कुशाबाईच्या कमरंला हाय. म्हंजी गिरनी मुकी झाली. आता ह्यो बोलंल."

ट्रान्झिस्टर बोलला. टक्. टक्. माणसं जवळ आली. कोणी म्हणालं, बिघडलाय. जानकाबाईंनी उत्तर न देता चालायला सुरुवात केली. विहाराकडं गेल्या, आवाज बारीक झाला. "बघा, माझ्या दाराकडं जाता जाता मरतोय." पुन्हा पारावर आल्या, तिथून शाळेकडं. आवाज वाढला. मागं गर्दी वाढली. शाळा ओलांडली, ओढ्यावरचा साकव ओलांडला. पूर्वेची शिवारं लागली. आता ती टकटक एवढी मोठी झाली की मागच्या माणसांनाही ऐकू यायला लागली. अमृत आधी सगळ्यांच्या पुढं होता, तो हळूहळू मागं पडला. कुशाबाईंनी ते पाहिलं.

"अमृतराव, या की म्होरं. वाट तुमच्या वळखीची हाय."

डाळिंबाच्या बागेला तारेचं कुंपण होतं. रानडुकरं आणि वाघ आत येऊ नयेत म्हणून त्याला झटका मशीन जोडलेलं. बिबट्याला इकडं सगळे वाघच म्हणतात. खांबाला टांगलेली छोटीशी पेटी. अंधार पडला की आपोआप चालू होते आणि दर सेकंदाला तारेत एक झटका सोडते. जनावर मरत नाही, नुसतं दचकून पळतं. खालचं गवत गुडघ्याएवढं वाढून तारेला टेकलं होतं, वर दव पडायला लागलं होतं, आणि वाकून पाहिलं तर त्या ओल्या पात्यावर बारीक निळी ठिणगी उडत होती. ठिणगी आणि ट्रान्झिस्टरची टक, दोन्ही एकाच क्षणी.

बाग कोणाची ते विचारायची गरज नव्हती.

"एवढीशी पेटी," शेवटी अमृतच म्हणाला. "हिचा आवाज तरी येतो का?"

"न्हाई येत. म्हनून तर तुमाला सापडली न्हाई," जानकाबाई म्हणाल्या. "माझा येतो, म्हनून मी सापडले."

"बंद करतो मावशी. आत्ता बंद करतो."

"बंद कशाला? वाघ काय तुझ्याच बागंत येतो? मागल्या महिन्यात माझ्या दारातली शेळी नेली त्यानं. गवत काप. तारंला टेकू देऊ नको. कोन तरी एकाला बंद केलं म्हंजी प्रश्न मिटला, ही तुमची सवय मोडा आधी."

अमृतनं तिथंच विळा मागवला. कापता कापता मान वर न करता म्हणाला, "नोटीस फाडून टाका मावशी. मिटलं."

"तोंडी लावली व्हती का?"

"न्हाई."

"मग तोंडी मिटंल कशी? ठराव करून लिवली, ठराव करून खोडा. तवर ती माझ्या दारावर ऱ्हानार."

आणि ती राहिली. सोमवार गेला, वीज तोडायला कोणी आलं नाही. दळणाला आलेला प्रत्येक जण नोटीस वाचायचा आणि विचारायचा, आणि जानकाबाई पट्टा चालू ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायच्या. अमृतनं दोनदा निरोप पाठवला, कागद काढा, गावाची शोभा होते. त्यांनी उलट निरोप दिला, शोभा पिठानं चिकटवलीये, ओढून निघत नाही.

मंगळवारी आरतीची गाडी आली, वर माशाच्या काट्यासारखा अँटेना. टकटक बंद झाली होती, ते तिनं नोंदवलं. मग तिनं गिरणीही तपासली, कारण तसं ती बोलली होती. खटका वर करताना आणि पाडताना आत ठिणगी उडत होती. क्षणभराचीच, पण होती.

"हा बदलावा लागेल, मावशी."

जानकाबाईंचा चेहरा पडला. खटका चांगदेवांनी बसवलेला. बाहेर चार माणसं उभी होती, ती ऐकत होती. उद्या गावभर होणार की शेवटी गिरणीच निघाली. त्यांनी पदरानं हात पुसले.

"बदलते. तुमच्या कागदावर लिवा. बागंतलं जितकं लिवलं, तितकंच ठळक."

पंधरा दिवसांनी ग्रामसभा होती. एरवी कोरम भरायला गेणूला घरोघर फिरावं लागतं. त्या दिवशी माणसं खिडकीत बसली. ग्रामसेवकानं मसुदा वाचला: गैरसमजातून देण्यात आलेली नोटीस मागे घेण्यात येत आहे.

जानकाबाई उभ्या राहिल्या. "गैरसमज कोनाचा?"

ग्रामसेवक म्हणाले, "बाई, झाला एवढं पुरे ना."

"पाऊस झाला, थंडी झाली, तसा झाला का? नोटिशीत माझी गिरनी लिवताना लाजला न्हाई. आता कोनाचा ते लिवा."

मागून कोणीतरी म्हणालं, लई ताणताय. जानकाबाई मागं वळल्या नाहीत. "तानते. ठरावाची वही पन्नास वर्सं ऱ्हाती. माझ्यामागं कोनी उघडली तर त्याला काय दिसंल? खरातांच्या गिरनीनं दुर्बीण बंद पाडली. माझ्या मालकांनी वर्षभर रिकामी गिरनी चालवली हो, ह्या गावात. त्यांच्या नावाम्होरं हे ऱ्हानार न्हाई. आन् माझ्या खटक्यात ठिणगी निघाली, तीबी लिवा. मी बदलला खटका, तेबी लिवा. माझं झाकून तुमचं उघडं करा, असं मी म्हनत न्हाई."

सभेत कुजबुज झाली. अमृत खाली बघत होता. मग त्यानं ग्रामसेवकाच्या हातातला पेन घेतला, परत दिला आणि म्हणाला, "लिवा. 'ग्रामपंचायतीनं पत्र नीट न वाचता, चौकशी न करता.' आन् बाग माझी व्हती, तेबी टाका. न्हाईतर ती बाई आपल्याला घरी जाऊ देनार न्हाई."

सभा हसली. जानकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ओळ पूर्ण लिहून होईपर्यंत वाट पाहिली, वही स्वतःकडं फिरवून ओठ हलवत वाचली, 'चौकशी' या शब्दावर एकदा बोट ठेवलं, आणि मग खाली सही केली. अंगठ्याचा त्यांचा उपयोग पीठ बघायला, सहीला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेणू ठरावाची नक्कल घेऊन आला. गिरणीवर नवा खटका बसला होता, रांग होती, पट्टा फिरत होता. जुनी नोटीस दारावर पिवळी पडली होती, खालचा एक कोपरा मुंग्यांनी खाल्ला होता.

"आक्का, हिला काढू का?"

"नको. तिच्याच शेजारी लाव. दोन्ही वाचू दे लोकांना."

गेणूनं खिसे चाचपले. डिंक आजही नव्हता. जानकाबाईंनी न सांगता वाटी पुढं केली. खळ आधीच कालवून ठेवली होती, मागच्यापेक्षा घट्ट.